मोलिएरवरचे नाटक, आलेली नोटीस आणि मेणबत्तीवाल्याची मुलगी

प्रश्न : सतराव्या शतकातील फ्रेंच विनोदी नट आणि नाटककार मोलिएर याच्या आयुष्यावर मी दोन अंकी मराठी नाटक लिहिले असून एका निर्मात्याने ते स्वीकारले आहे. तालमी सुरू होताच एका लेखकाने वकिलामार्फत नोटीस पाठवली. कर्जापायी झालेला तुरुंगवास आणि रात्री उरकलेले दफन हे प्रसंग त्यांच्या जुन्या एकांकिकेत आहेत, म्हणून मी प्रयोग थांबवून पाच लाख रुपये द्यावेत, अशी त्यांची मागणी आहे. ती एकांकिका मी पूर्वी एका स्पर्धेत पाहिली होती. माझ्या पहिल्या अंकात मेणबत्तीवाल्याची मुलगी मोलिएरला तुरुंगात भेटते. दुसऱ्या अंकातला मोलिएरच्याच ‘तार्त्युफ’ या नाटकाचा प्रवेश मी रिचर्ड विल्बर यांच्या इंग्रजी अनुवादावरून मराठीत आणला असून कंजूष म्हाताऱ्याचे काही संवाद आचार्य अत्रे यांच्या ‘कवडीचुंबक’मधून घेतले आहेत. मोलिएरने स्वतःच्याच मुलीशी लग्न केल्याचा आरोपही नाटकात येतो. मी कितपत अडचणीत आहे?

उत्तर : नोटिशीत जे लिहिले आहे त्यापासून आपल्याला फारसा धोका नाही, जे लिहायचे राहिले आहे त्यापासून आहे.

प्रथम नोटिशीतील दोन प्रसंगांविषयी. ज्याँ-बातिस्त पोकलें, म्हणजेच मोलिएर, याने मादलेन बेजार आणि इतर सहकाऱ्यांसह १६४३ मध्ये नाटक मंडळी काढली, ती कर्जात बुडाली आणि ऑगस्ट १६४५ मध्ये मेणबत्त्या पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या १४२ लिव्र (त्या काळचे फ्रेंच चलन) इतक्या थकबाकीपायी त्याला पॅरिसच्या शातले तुरुंगात जावे लागले. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी आपल्या शेवटच्या नाटकाच्या चौथ्या प्रयोगात काम करून घरी गेल्यावर तो त्याच रात्री वारला. नटाचा पेशा रीतसर सोडल्याखेरीज ख्रिस्ती विधीने दफन नाही, असा तेथील चर्चचा दंडक असल्यामुळे त्याच्या पत्नीला आर्चबिशप आणि राजा यांच्याकडे विनवणी करावी लागली आणि २१ फेब्रुवारीच्या रात्री, कोणताही थाटमाट न करता, त्याला पुरण्यात आले. हा इतिहास आहे आणि इतिहासावर कोणाचाही कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कल्पना, विषय, कथासूत्र आणि ऐतिहासिक वा पौराणिक घटना यांना संरक्षण नसून लेखकाने त्यांना दिलेल्या रूपाला, मांडणीला आणि शब्दांना संरक्षण आहे. आणि दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असे निःसंशय वाटते का, ही त्याची कसोटी आहे. कर्जाने आरंभ आणि दफनाने शेवट हा क्रम तर मोलिएरच्या आयुष्यानेच घालून दिला आहे. तो दोन लेखकांनी स्वतंत्रपणे निवडला यात नवल नाही.

आता मेणबत्तीवाल्याच्या मुलीविषयी. कर्जाचे कागद पॅरिसच्या जुन्या दप्तरांत आहेत, परंतु सावकाराची मुलगी तुरुंगात भेटायला आल्याची नोंद माझ्या माहितीतल्या कोणत्याही चरित्रसाधनात नाही. ती जर आपल्याला सुचली असेल तर ती आपली आहे. पण ती त्या एकांकिकेत असेल आणि पाहिलेले मनात राहून आपल्या लेखणीतून उतरले असेल, तर ते त्या लेखकाचे कल्पित पात्र आहे, इतिहास नव्हे. आपण ती एकांकिका पाहिली होती हे आपणच लिहिता, त्यामुळे ‘मला ठाऊकच नव्हते’ हा बचाव उपलब्ध नाही, आणि जाणूनबुजून केलेले उल्लंघन कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली फौजदारी गुन्हाही ठरू शकते. नोटिशीत या मुलीचा उल्लेख नाही, पण दाव्यात तो येणार नाही असे समजू नका. एकांकिकेची संहिता मिळवून दोन्ही प्रवेश शेजारी ठेवून वाचा, आणि साम्य दिसले तर वाद घालत न बसता तो प्रवेश काढून टाका. तुरुंगातील मोलिएर एकटा असला तरी नाटकाला काही कमी पडणार नाही, असे माझे प्रेक्षक म्हणून मत आहे.

‘तार्त्युफ’च्या बाबतीत मोलिएरची मूळ संहिता कोणालाही मोकळी आहे. परंतु अनुवाद ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कृती असते. विल्बर यांचे निधन २०१७ मध्ये झाले, त्यांच्या अनुवादावरील हक्क अजून दीर्घकाळ राहणार आहे, आणि त्यावरून मराठी करणे हाही त्या हक्काचाच भाग आहे. यावर सोपा उपाय म्हणजे फ्रेंच जाणणाऱ्या व्यक्तीकडून मूळ पद्यातील तो प्रवेश नव्याने मराठीत करून घ्यावा. ते करताना लेखी करार अवश्य करा, कारण अन्यथा नव्या मराठी मजकुराची मालकी त्या व्यक्तीकडेच राहील. करारात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे हस्तांतरण केवळ पाच वर्षांचे आणि क्षेत्र लिहिले नाही तर केवळ भारतापुरते मानले जाते. परदेशातील महाराष्ट्र मंडळांत प्रयोग करण्याचा विचार असेल तर ही उणीव पुढे महागात पडेल.

‘कवडीचुंबक’चेही तसेच. त्याचा आधार असलेले मोलिएरचे कंजूष म्हाताऱ्यावरचे प्रहसन मुक्त आहे, अत्र्यांची मराठी वाक्ये मुक्त नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे, या कलम २२ च्या हिशेबाने, अत्रे १९६९ मध्ये वारले असल्यामुळे तो हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. तिकीट लावून केलेल्या प्रयोगात ‘चार ओळी तर घेतल्या’ हे समर्थन टिकणे कठीण आहे. वारसांची लेखी परवानगी घ्या किंवा ते संवाद स्वतः लिहा. जुन्या मराठीचा बाज हवाच असेल तर हरिभाऊ आपट्यांचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे मोलिएरचेच मराठी रूप आहे आणि हरिभाऊ १९१९ मध्ये वारले असल्यामुळे ते कोणालाही वापरता येते.

अशा उसनवारीचा त्रास खुद्द मोलिएरलाही झाला होता, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्या काळी नाटक एकदा छापले गेले की कोणतीही मंडळी ते करू शकत असे, त्यामुळे न छापणे हाच त्यावर हक्क राखण्याचा मार्ग होता. ज्याँ रिबू नावाच्या पुस्तकविक्रेत्याने त्याच्या पहिल्या पॅरिसगाजल्या नाटकाच्या छपाईचा राजपरवाना परस्पर मिळवला, म्हणून १६६० मध्ये मोलिएरला ते घाईने स्वतः छापावे लागले. त्याच वर्षी दुसऱ्या एका नाटकाची चोरटी प्रतही रिबूनेच काढली, आणि मोलिएरला त्याच्यावर कायदेशीर कारवाई करावी लागली. पुढे याच रिबूने मोलिएरची पुस्तके अधिकृतपणे विकली. आपल्या नाटकात हा प्रसंग नाही याचे मला आश्चर्य वाटते.

लग्नाचा आरोप हा कायद्यापेक्षा लेखनाचा प्रश्न अधिक आहे. मृत व्यक्तीवरील आरोपही बदनामी ठरू शकतो, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे त्यासाठी कुटुंबीयांच्या किंवा निकटच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू लागतो. आणि मोलिएरची एकुलती हयात राहिलेली मुलगी १७२३ मध्ये निपुत्रिक वारल्यामुळे तक्रार करणारा वंशज उरलेला नाही. तरीही १६६२ च्या विवाहकरारात मोलिएरची पत्नी आर्मांद बेजार ही मादलेनची बहीण म्हणून नोंदलेली आहे. ती मादलेनची, म्हणजे मोलिएरच्या पूर्वीच्या प्रेयसीची, मुलगी असल्याचा आरोप १६६३ मध्ये मोंफ्लरी या प्रतिस्पर्धी नटाने राजाकडे केला, आणि पुढच्याच वर्षी चौदाव्या लुईने मोलिएरच्या पहिल्या मुलाचे धर्मपितृत्व स्वीकारले. हा आरोप मोंफ्लरीच्या तोंडी ठेवा. निवेदकाच्या तोंडी सत्य म्हणून ठेवू नका.

नोटिशीला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. प्रत्येक ऐतिहासिक प्रसंगाचा आधार कोणता, हे त्यात नमूद करा, आपले तारखेसह जुने मसुदे जपून ठेवा आणि संहितेतील बदल झाल्याखेरीज ‘माझे नाटक संपूर्ण स्वतंत्र आहे’ हे वाक्य कोठेही लिहून देऊ नका. बदलानंतरही धमक्या चालू राहिल्या आणि दावा दाखल झाला नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली निराधार धमक्यांविरुद्ध आपल्यालाच न्यायालयात जाता येईल. निर्मात्याच्या करारात तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्याची सर्व भरपाई लेखकाने करावी असे कलम बहुधा असेल. त्यावर रकमेची मर्यादा मागा आणि नोटीस आल्याचे त्यांना आजच लेखी कळवा. सुधारलेली संहिताच रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासून मंजूर करणाऱ्या मंडळाकडे, पाठवा, कारण मंजूर होते ती पाठवलेली प्रत.