ट्रान्सफॉर्म होणाऱ्या रोबोट फिगरचं डिझाइन आणि सांधे चांगले आहेत हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की नऊ वर्षांच्या मुलासाठी (आणि 'खरं सांगायचं तर स्वतःसाठीही') ऑप्टिमस प्राइम (ट्रकचा रोबोट होणारा तो ट्रान्सफॉर्मर) घ्यायचाय, व्हिडिओत सगळेच भारी दिसतात, मग निवडायचं कशावरून?

मी भोसरीत प्लास्टिकचे मोल्ड बनवण्याच्या धंद्यात आहे. दिवसभर स्विचची कव्हरं आणि डब्यांची झाकणं, आणि रात्री घरी येऊन दुसऱ्यांनी बनवलेलं प्लास्टिक उलटसुलट करून बघणं. बायकोच्या मते हा आजार आहे. त्यामुळे उत्तर जरा कारखान्याच्या वळणाचं होईल.

फिगर रोबोट म्हणून कशी दिसते ते आधी बघूच नका. गाडीचा कुठला तुकडा रोबोटचा कुठला अवयव झालाय, ते बघा. जुना ऑप्टिमस घ्या. मूळचा तो जपानच्या टाकारा (आताची टाकारा टोमी) कंपनीच्या डायाक्लोन या खेळण्यांच्या मालिकेतला. १९८४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने त्याला ट्रान्सफॉर्मर्स या नावाखाली अमेरिकेत आणलं. ट्रकची केबिन हीच त्याची छाती. समोरच्या काचा छातीवर, रेडिएटरची जाळी पोटावर. रोबोट कमरेतून मागे काटकोनात वाकवला की पाय आडवे होतात, आणि तेच ट्रकचं मागचं अंग. मागची चाकं पायांनाच बसवलेली, डोकं केबिनच्या आत गडप. एवढंच. एकही तुकडा फुकटचा नाही. काढता येणाऱ्या मुठी तेवढ्या सोफ्याखाली हरवायच्या, आणि पाय इतके ताठ की बाबा चालतोय असं कधी वाटायचं नाही. पण रूपांतराची कल्पना म्हणून आजही मला तोड दिसत नाही.

हे जमलं कारण तो ट्रक चपट्या तोंडाचा होता, आपल्या हायवेवर दिसतात तसा. चपटं तोंड म्हणजे खोकं, आणि खोक्याची छाती करणं सोपं. २००७ च्या सिनेमात ऑप्टिमस लांब नाकाचा पीटरबिल्ट ३७९ झाला आणि खेळणी बनवणाऱ्यांची पंचाईत झाली. आता ते नाक ठेवायचं कुठे? आणि छातीवर काचा तर हव्यातच, नाहीतर लोक त्याला ऑप्टिमस म्हणायचे नाहीत. मग काही फिगरमध्ये छातीच्या काचा वेगळ्या, दिखाऊ असतात आणि ट्रकच्या खऱ्या काचा पाठीमागे दुमडलेल्या. याला फसवणूक म्हणणारे लोक आहेत. मी म्हणत नाही. पण खरी केबिन मग पाठीवर किती जाडीने लटकते ते बाजूने बघा. मी त्याला बोचकं म्हणतो. विकणारे समोरूनच फोटो टाकतात, त्यामुळे पाठीचा आणि बाजूचा फोटो मिळाल्याशिवाय मी फिगर घेत नाही. बोचकं मोठं असेल तर दिसायला वाईट हे एक, पण खरी अडचण तोलाची. वजन मागे गेलं की फिगर पाठीवर पडते, आणि टाचेला मागे आधार नसेल तर ती शेल्फवर कायम जरा पुढे झुकवून ठेवावी लागते, कुणीतरी रागावल्यासारखी.

आता सांधे. शाळेत विज्ञानात उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकलो होतो, इथेही तेच दोन मुख्य. मान बहुधा उखळीची. खांदा मात्र मोठ्या फिगरमध्ये रॅचेटचा असावा, कट् कट् आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरणारा, कारण त्यावर हाताचं आणि बंदुकीचं वजन असतं. पण टप्पे फार लांब असले तर हात एकतर खूप वर नाहीतर खूप खाली, मधला कोन मिळतच नाही. कोपर आणि गुडघा निदान ९० अंशांत वळावेत. मांडीत, गुडघ्याच्या वर, पाय स्वतःभोवती फिरतो का ते बघा. कंबर फिरते का बघा, कारण रूपांतर कमरेतूनच होत असेल तर डिझायनर तिथे फिरकी द्यायचं पुष्कळदा टाळतो.

आणि घोटा. माझं निम्मं मत घोट्यावर ठरतं. घोटा आत-बाहेर कलत नसेल तर पाय फाकवल्यावर तळवे उचलले जातात आणि फिगर तळव्यांच्या कडांवर उभी राहते. कबड्डीतला चढाईपटू आठवा. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पण तळवे मातीला चिकटलेले. फिगरला ते जमलं तर बाकीची उभी राहण्याची ढब बहुतेक जमते. पूर्वी लहान फिगरमध्ये हे क्वचित मिळायचं, आता मध्यम आकारातही मिळतं.

सांध्याची बांधणीही बघा. स्क्रू असेल तर ढिला झाल्यावर आवळता येतो. धातूची पिन ठोकलेली असेल तर ते काम नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पारदर्शक प्लास्टिकमध्ये ठोकलेली पिन. ट्रकच्या काचा पारदर्शक हव्यात म्हणून कधी केबिनची सगळी बाजूच पारदर्शक प्लास्टिकची करतात आणि काच सोडून बाकीवर लाल रंग मारतात. ते प्लास्टिक साध्या एबीएसपेक्षा (खेळण्यांत नेहमी वापरतात ते चिवट प्लास्टिक) ठिसूळ असतं. माझ्याकडे अशीच एक फिगर आली होती, कंपनीचं नाव घेत नाही. तिसऱ्यांदा ट्रक करताना दाराच्या बिजागरीपाशी केसाएवढी पांढरी रेघ दिसली. आमच्या धंद्यात ती रेघ दिसली की हात थांबवायचा असतो, हे मी रोज पोरांना ओरडून सांगतो. त्या दिवशी मीच थांबलो नाही. टक्कन आवाज आला आणि दार माझ्या हातात. पिन भोकाला जरा जाड होती, बाकी काही नाही.

जुनी फिगर घेणार असाल तर चमकीदार सोनेरी प्लास्टिकपासून लांब राहा. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या दशकात काही खेळण्यांत वापरलेलं ते प्लास्टिक काळाने इतकं ठिसूळ होतं की नुसतं वळवलं तरी चुरा होतो, मग ती कितीही जपून ठेवलेली असो.

उखळीचा सांधा सैल असेल तर गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच बसवा. घट्ट असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. शिवणयंत्राचं तेल घालू नका, खनिज तेलाने काही प्लास्टिकला तडे जातात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर घरात दोन फिगर लागतील. मुलाला व्हॉयेजर आकाराची घ्या, साधारण १८ सेंटीमीटर उंचीची. हातात मावते आणि रूपांतर त्याचं त्याला जमतं. मास्टरपीस (एमपी) या मोठ्या संग्राहकांसाठीच्या मालिकेतली त्याच्या हातात देऊ नका. त्या मालिकेची सुरुवात २००३ ची, पहिला ऑप्टिमस साधारण ३० सेंटीमीटरचा आणि धातूमुळे चांगलाच जड. २०११ चा एमपी-१० आकाराने लहान, ट्रेलरसकट येतो, आणि मला अजूनही तोच सगळ्यांत समतोल वाटतो. २०१९ चा एमपी-४४ थेट कार्टूनमधून उतरल्यासारखा दिसतो, पण त्यासाठी इतके छोटे पत्रे दुमडावे लागतात की ट्रक करायला बसायच्या आधी चहा पिऊन घ्यावा. तो कपाटात उभा ठेवायचा, रोज हाताळायचा नाही.

आणि जुन्या खेळण्याच्या आठवणीसाठीच घेत असाल तर २०२४ ची टाकारा टोमीची मिसिंग लिंक मालिका बघा. रूप १९८४ चंच ठेवून त्यात आजचे सांधे घातलेत. मी माझा खोक्यातून काढल्यावर पहिल्यांदा एक गुडघा टेकवून बसवला. शेजारी जुना ठेवला होता, तो बिचारा ताठच उभा.