आधी नोंद, मग प्लग

संग्रहालयासाठी जुने सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड, गोळा करायला आणि त्यांची नोंद ठेवायला लागल्यापासून मला येणारी पत्रं साधारण एकाच वळणाची असतात. घरातलं कोणीतरी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचं, वाद्य माळ्यावर पडून आहे, आता त्याचं काय करायचं? अडचण अशी की बरेच जण आधी काहीतरी करून बसतात आणि मग विचारतात. म्हणून या वेळी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथेच उत्तरं देते.

जुन्या कीबोर्डमध्ये लाल पारा असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात असं ऐकलं. खरं आहे का? (सोलापूर)

नाही. जुन्या रेडिओ-टीव्हीबद्दल फिरते तीच ही अफवा आहे. वाद्य फोडू नका.

बाबा ऑर्केस्ट्रात यामाहा डीएक्स७ वाजवायचे. ते गेल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, वाद्य माळ्यावर आहे. संग्रहालयाला द्यायची इच्छा आहे. त्याआधी चालू करून बघावं आणि नवी बॅटरी टाकून घ्यावी, असं आमचा मेकॅनिक म्हणतो. (कोल्हापूर)

कृपा करून यातलं काहीही आत्ता करू नका.

डीएक्स७ १९८३ मध्ये बाजारात आला आणि त्याचे लाखाच्या वर नग विकले गेले. म्हणजे वस्तू म्हणून तो दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ते त्याच्या पोटात. या वाद्याच्या अंतर्गत मेमरीत ३२ टोन, म्हणजे जुळवून ठेवलेले आवाज, मावतात. बाबांनी लावणीसाठी, भक्तिगीतासाठी, एखाद्या गाण्यातल्या बासरीच्या तुकड्यासाठी स्वतः टोन बनवले असतील, तर ते जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आणि ही मेमरी जिवंत आहे ती बोर्डावर सोल्डर केलेल्या एका तीन व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर. ती बॅटरी काढली की टोन गेले. मेकॅनिक नवी बॅटरी बसवतो, कंपनीचे मूळ टोन भरून देतो, सगळं छान वाजतं आणि घरचे खूश होतात. एका कुटुंबाने असंच दुरुस्त करून घेतलेलं वाद्य माझ्याकडे आणलं. मुलगी म्हणाली, “बाबांची सनई ऐकवा ना.” ती सनई दुरुस्तीच्या दुकानातच पुसली गेली होती. त्या दिवशी तिला काय सांगावं हे मला सुचलं नाही, आणि तेव्हापासून मी हे एकच सगळ्यांना सांगत आले आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी आहे त्या धुळीसकट चारी बाजूंनी फोटो. मग मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक आणि व्होल्टेज लिहून घ्या. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेलं वाद्य १०० व्होल्टचं असतं, आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत, आणि थेट लावलं तर पॉवर सप्लाय जळू शकतो. वीस वर्षं पडून राहिलेल्या वाद्याचे कपॅसिटरही (वीज साठवणारे सुटे भाग) तपासावे लागतात. त्यामुळे पहिल्यांदा चालू करायचं ते जुन्या सिंथेसायझरवर हात बसलेल्या तंत्रज्ञाच्या समोरच. वाद्य सुरू झालं की फंक्शन १४ वर बॅटरीचं व्होल्टेज दिसतं. फंक्शन ८ मधून मिडी केबलने (मिडी म्हणजे वाद्य आणि संगणक जोडायची पद्धत) सगळे ३२ टोन संगणकात उतरवता येतात. ती फाइल अवघी ४,१०४ बाइटची असते. तुमच्या बाबांचं तेवढं काम मोबाइलवरच्या एका फोटोच्या शंभराव्या हिश्शातही मावतं, म्हणून ती दोन-तीन ठिकाणी ठेवायला काहीच हरकत नाही. सोबत टोन साठवायची रॅम कार्ट्रिज असेल तर तिच्यातही स्वतंत्र बॅटरी असते, तेही उतरवून घ्या. हे सगळं झालं, फाइल उघडून तपासली, की मगच बॅटरी.

“दिवाळीनंतर बघू” असं लिहिणाऱ्यांना एवढंच सांगते, की या बॅटऱ्यांचं वय आता चाळिशीच्या आसपास आहे.

आधी टोन, मग बॅटरी या क्रमाला एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात ठेवा. कॉर्ग पॉलिसिक्स (१९८१) या वाद्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती गळते आणि केएलएम-३६७ नावाचा बोर्ड अक्षरशः खाऊन टाकते. तिथे थांबणं म्हणजे वाद्य गमावणं. कुठली बॅटरी कुठल्या वाद्यात आहे हे फोटोवरून तुम्हाला ठरवता येणार नाही, म्हणून झाकण उघडण्याआधी जाणकाराला दाखवा.

काकांच्या सामानात “ज्युनो” असं लिहिलेली कॅसेट सापडली. लावली तर नुसता किर्र आवाज येतो. फेकून द्यावी का? (नाशिक)

अजिबात नाही! रोलँडच्या ज्युनो-६० ला (१९८२) मिडी नव्हतं. त्याचे ५६ टोन साध्या कॅसेटवर उतरवून ठेवावे लागत. तो किर्र आवाज म्हणजे बहुधा काकांनी जपून ठेवलेले टोनच आहेत. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही चौकोनी तुकडे तोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. पुन्हा पुन्हा वाजवू नका. स्वच्छ हेड असलेल्या चांगल्या डेकवरून एकदाच, वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या. एमपी३ नको, आणि “आवाज साफ करून देतो” म्हणणाऱ्याकडे तर मुळीच देऊ नका. तो जे साफ करेल तीच माहिती आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा करून दिला होता. तिथे गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी केलेलं काम रिळांवर कित्येक दशकं संस्थेच्या संग्रहात पडून होतं. कलाकार आणि संगीतकार पॉल पर्गस यांनी ती रिळं शोधली तेव्हा भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक अख्खा काळ समोर आला. कोणीतरी ती रिळं जागा अडवतात म्हणून टाकून दिली असती तर?

एक विक्रेता मिनीमूग हा जुना सिंथेसायझर विकतोय. फार मोठ्या संगीतकाराच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजलेला आहे म्हणतो, प्रमाणपत्रही देतो. किंमत तिप्पट आहे. घ्यावा का? (मुंबई)

त्या प्रमाणपत्राला माझ्या लेखी किंमत नाही. हिंदी सिनेसंगीतातले वादक केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये मिनीमूग आणला, चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर रागांची तबकडी केली, हा आपला खरा इतिहास आहे. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. माझ्याकडे येणारे विक्रेते आता याच इतिहासाला लटकून भाव वाढवतात, याचा मला राग येतो, कारण खोटी नोंद एकदा संग्रहात शिरली की ती काढणं फार अवघड जातं.

आधी तारखांचा हिशेब करा. मूळ मिनीमूग १९७० ते १९८१ या काळात बनला. डीएक्स७ १९७५ च्या सिनेमात वाजला असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा. मग कागद मागा: खरेदीची पावती, कस्टमचा कागद, अनुक्रमांक किंवा ओळखू येणारा ओरखडा दिसेल असा जुना फोटो. काहीच नसेल तर नोंदीत “विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार” असंच लिहायचं आणि किंमत साध्या मिनीमूगची द्यायची. पैसे देण्याआधी आतले बोर्ड तंत्रज्ञाला दाखवा. नवा रंग आणि बदललेल्या पट्ट्या “रिस्टोअर केलंय” या शब्दाखाली खपवल्या जातात.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं होतं, असा व्हिडिओ पाहिला. करू का? (ठाणे)

नको. त्यात पॅनेलवरची छपाई फिकी पडू शकते, प्लास्टिक ठिसूळ होऊ शकतं, आणि पिवळेपणा परतही येतो. शिवाय वाजवणाऱ्याने बटणांखाली चिकटवलेल्या पट्ट्या असतात. “अंतरा”, “स्ट्रिंग कमी”, “इथून ढोलकी” असं बॉलपेनने लिहिलेलं. माझ्यासाठी त्या पट्ट्या वाद्याइतक्याच मोलाच्या आहेत. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बाकीचं संवर्धकाला विचारून.

घरातल्या जुन्या सिंथेसायझरची पुरावस्तू म्हणून सरकारी नोंदणी लागते का? (सांगली)

१९७२ च्या कायद्यात अशा वस्तूला किमान शंभर वर्षांची अट आहे, त्यामुळे नाही. मात्र परदेशी पाठवणार असाल तर कस्टमचं काम जाणणाऱ्या वकिलाशी आधी बोला.

शाळेत छोटं वाद्यदालन करतोय. तत (तारेची), सुषिर (फुंकीची), अवनद्ध (चामड्याची), घन (टाळासारखी) यांपैकी सिंथेसायझर कशात बसवायचा? आणि कार्डावर काय लिहायचं? (रत्नागिरी)

चारांपैकी कशातच नाही. पाश्चात्त्य संग्रहालयं वापरतात त्या हॉर्नबोस्टेल-साक्स वर्गीकरणातही १९१४ मध्ये चारच वर्ग होते. विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा पाचवा वर्ग साक्स यांनी १९४० मध्ये जोडला. तुम्हीही पाचवा करा.

कार्डावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, व्होल्टेज, कोणाकडून आणि केव्हा आलं हे हवंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणी, कुठल्या ऑर्केस्ट्रात, कुठल्या जत्रेत किंवा गणपतीत वाजवलं, कशातून आवाज काढला, बिघडलं की कोण दुरुस्त करायचं. दुरुस्तीत काढलेला प्रत्येक सुटा भाग पिशवीत घालून, तारीख लिहून वाद्यासोबतच ठेवा. नोंदवहीचा नमुना जवळच्या संग्रहालयातून मागून घ्या.

आमचे मामा ७८ वर्षांचे आहेत. ते वाजवायचे. त्यांच्या आठवणी केव्हा रेकॉर्ड कराव्यात? (पुणे)

या आठवड्यात. फोनवर केलं तरी चालेल. वाद्य बंद असलं तरी त्यांच्यासमोर ठेवा, हात पट्ट्यांवर ठेवू द्या आणि कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर धरा. कुठला टोन कसा बनवला हे तोंडाने सांगताना लोक अडतात, पण बोटं बटणं बरोबर शोधतात. प्रश्न काय विचारायचे ते आधी मला किंवा एखाद्या जुन्या वादकाला दाखवून घ्या, आणि रेकॉर्डिंग संग्रहालयाकडे देण्याआधी मामांची लेखी परवानगी घ्या.