इतकी वर्षं दगडात घातली, हातात काय आलं?

माझ्याकडे समुपदेशनासाठी विद्यापीठात भूविज्ञानाचं संशोधन करणारे बरेच जण येऊन गेलेत आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य थोड्याफार फरकाने तेच, मॅडम, इतकी वर्षं दगडात घातली, अजून पर्मनंट पोस्ट नाही, मी या फिल्डच्या लायकीचाच नाही बहुतेक. परवा पुन्हा ऐकलं म्हणून हे लिहितेय. यातल्याच एकाची गोष्ट, ओळख पटू नये इतपत बदललेली, आणि चार महिन्यांचं बोलणं अगदी थोडक्यात.

वय ३८, दुसरी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, संपायला आठ महिने. वालुकाश्मातून झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेगळे काढायचे, त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालंय ते मोजायचं आणि कणाचं वय ठरवायचं, हे त्याचं काम. सातव्या अर्जालाही नुकताच नकार आला होता.

मी आधी धीर द्यायला जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरचं नाव काढलं. खंड सरकतात असं त्याने १९१२ मध्ये मांडलं, तेव्हा किती विरोध झाला वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात वारला आणि लोकांना पटलं साठच्या दशकात. मला आठ महिन्यांनी घरभाडं भरायचंय." बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून मी कुणालाच थोरामोठ्यांची उदाहरणं देत नाही.

पुढचे दोन सेशन मी फक्त त्याच्या कामाबद्दल विचारत राहिले. बोलता बोलता म्हटलं, एका कणावरून अख्ख्या थराबद्दल सांगता येतं?

"छे! एका नमुन्यातले शंभरेक कण तरी मोजतो. एखादा कण मध्ये कधीतरी तापलेला असतो, त्यातलं शिसं निसटतं आणि तो आहे त्याहून कमी वयाचा दिसतो. तेवढ्यावर पेपर पाठवला तर रिव्ह्यूअर दारातूनच परत पाठवेल."

"मग तुम्ही लायक नाही, हे किती कणांवरून ठरवलंत?"

तो बराच वेळ गप्प. मीही गप्पच, अशा वेळी आपण बोललो की सगळं विस्कटतं. मग हळूच म्हणाला, "सात. आणि सातही एकाच ठिकाणचे, सिलेक्शन कमिटीचे."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे स्वतःबद्दलची टोकाची विधानं पुराव्यावर तपासून बघायच्या पद्धतीने, काम करते आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे तो अशा क्षणांमुळेच. पुराव्याशिवाय विधान करायचं नाही ही शिस्त या माणसाच्या अंगात मुरलेली होती, फक्त स्वतःबद्दल बोलताना तो ती वापरत नव्हता. मी त्याचंच मोजमाप त्याच्याकडे वळवलं, पण नेमकं कधी वळवायचं हे कळायला मला वीस वर्षं लागलीत, हेही सांगते.

तुमचंही असंच असेल तर नकार खोटा मानू नका. जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, हे खरंच आहे. पण "पोस्ट मिळाली तर फार बरं" आणि "मिळालीच पाहिजे, नाहीतर मी शून्य" ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि झोप उडवतं ते दुसरं. कागदावर बाकीचे कण मांडा, शिकवलेले विद्यार्थी, उभी केलेली लॅब, काढलेले नकाशे, दुसऱ्यांनी वापरलेला डेटा. भूजल, खनिज, भूऔष्णिक ऊर्जा, दरडींचा अभ्यास यात गेलेल्या निदान तिघांशी बोला, आणि नोकरी मागायला नाही, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारायला. कधीपर्यंत थांबायचं ती तारीख आधीच ठरवून घरच्यांना सांगा, कारण न सांगितलेली वाट बघणं अख्ख्या घराला जड जातं.

त्याने मार्चअखेर ही तारीख ठरवली, बायकोला सांगितली. शेवटच्या सेशनला आला तेव्हा आठवा अर्ज गेला होता आणि भूजलवाल्या सीनियरशी तासभर बोलणंही झालं होतं. कागदावर चव्वेचाळीस कण होते, अजून मोजतोय म्हणाला.