पेप्टाइड सप्लिमेंट तोंडाने घेतलेलं चांगलं की इंजेक्शनने? असर कशाचा जास्त?

कुठलं पेप्टाइड ते तुम्ही लिहिलंच नाही आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, पोटाला ती जेवणातल्या प्रोटीनसारखीच वाटते. जठरातलं आम्ल, पेप्सिन, पुढे आतड्यात ट्रिप्सिन असे सगळे मिळून तिचे तुकडे पाडतात, आणि त्यातून वाचलीच तरी एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून सहज आत जात नाही. म्हणून तर इन्सुलिन 1922 पासून आजपर्यंत बहुतेक लोक टोचूनच घेतायत.

मग गोळी होतच नाही का? होते, पण लई खटाटोप करून. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या पेप्टाइड औषधाची गोळी 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, तिच्यात स्नॅक (SNAC) नावाचा एक पदार्थ घातलेला असतो जो जठरातच औषध शोषायला मदत करतो, आणि तरी रक्तात पोचतं जेमतेम 1 टक्का. म्हणजे मधुमेहासाठी इंजेक्शन आठवड्यातून एकदा साधारण 1 मिलिग्रॅम, तर ही गोळी रोज 14 मिलिग्रॅमपर्यंत! तीही सकाळी रिकाम्या पोटी, अर्ध्या कप पाण्यासोबत, वर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.

कोलाजेन पावडरचं गणित उलटं आहे. ते आधीच तोडलेलं असतं, पोटात अजून तुटतं आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे रक्तात जातात, तेवढंच अपेक्षित असतं, टोचायचा प्रश्नच नाही. मी चार महिने घेतलं, नखं जरा बरी वाटली, पण तेव्हाच माझं प्रोटीनही वाढलेलं होतं त्यामुळे क्रेडिट कोणाला द्यायचं देव जाणे.

आता तुम्ही जर जिमवाल्या बीपीसी-157 बद्दल (दुखापत लवकर भरावी म्हणून घेतात ते पेप्टाइड) विचारत असाल (मला तोच संशय आहे) तर इंजेक्शनने ते रक्तात जाईल हे खरं, पण रक्तात जाणं वेगळं आणि उपयोग होणं वेगळं. त्याचा बहुतेक अभ्यास उंदरांवर झालाय, माणसांवरचा पुरावा अगदीच तुटपुंजा, आणि 2022 पासून वाडाच्या (WADA, खेळातल्या डोपिंगवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) बंदी यादीत आहे, स्पर्धा खेळत असाल तर विषयच संपला. ऑनलाइन मिळणाऱ्या वायलवर (इंजेक्शनच्या छोट्या बाटलीवर) बारीक अक्षरात 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं असतं, म्हणजे आत किती माल आहे, निर्जंतुक आहे का, याची जबाबदारी विकणारा घेतच नाही. पावडर खराब निघाली तर निदान पोट तरी मध्ये असतं, सुईला मध्ये कोणीच नाही.