दूरच्या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये बदल झाला हे ओळखणारा प्रोग्राम कसा लिहायचा?

तुमचा प्रश्न असा, की पावसाच्या आकडेवारीच्या फायली ज्या वेब फोल्डरमध्ये येतात, तिथं नवीन काही पडलं की गावातल्या कॉम्प्युटरला आपोआप कळावं, आणि दरवेळी सगळं डाउनलोड करावं लागू नये. मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातून हेच करतो. सांता बार्बराच्या विद्यापीठाचा चर्प्स हा पावसाचा डेटा असाच उघड्या फोल्डरांत असतो. तो १९८१ पासूनचा आहे, चौकट ०.०५ अंशाची, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरची. तालुक्याच्या कोणत्या भागात पाऊस मागे पडलाय, हे आमचा शेतकरी गट त्यावर बघतो.

सुरुवातीला फायलींना हातच लावू नका, फक्त यादीचं पान वाचा. अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या अशा पानावर नाव, बदलाची वेळ आणि आकार असतो. पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप या वेब पान वाचणाऱ्या लायब्ररीनं या तीन गोष्टी काढा, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या टेबलात ठेवा आणि पुढच्या वेळी जुन्याशी ताडून बघा. अख्ख्या पानाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढून तुलना करू नका. तळाची एक ओळ बदलली तरी उगाच बोंब होते. यादीतला आकार बहुतेकदा ढोबळ असतो, ‘१.२ एम’ असा. त्यामुळे शंका आली तर त्या एकाच फायलीला हेड विनंती (फाइल न आणता फक्त तिची माहिती मागणारी) पाठवा आणि ईटॅग (फायलीच्या आवृत्तीची खूण), लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) बघा. डाउनलोड करतानाही जुना ईटॅग विनंतीच्या इफ-नन-मॅच या हेडरमध्ये द्या. फाइल तीच असेल तर सर्व्हर ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, म्हणतो आणि मोबाइलचा डेटा वाचतो. यादीच्या पानाला मात्र ही सोय सहसा नसते, कारण अपाचेत ती वेगळी चालू करावी लागते. ते पान दरवेळी पूर्ण आणावंच लागतं, पण ते लहान असतं.

खरी मेहनत ‘फाइल काढून टाकली’ हे ठरवण्यात आहे. आपल्याकडे रेंज अधूनमधून जाते, पान अर्धवट येतं, आणि भोळा प्रोग्राम उरलेल्या सगळ्या फायली गेल्या असं समजतो. मजूर एक दिवस आला नाही म्हणून आपण हजेरीतून त्याचं नाव खोडत नाही, तसंच इथं करा. सर्व्हरचं उत्तर २०० (सगळं ठीक) आहे, शीर्षक ‘इंडेक्स ऑफ’नं सुरू होतं, शेवटी एचटीएमएलचा बंद होणारा टॅग आहे, एवढं जमलं तरच यादी खरी माना. त्यानंतरही लागोपाठ दोन फेऱ्यांत फाइल दिसली नाही तरच ती गेली असं नोंदवा. नव्या फायलीचंही तेच. तिचा आकार दोन फेऱ्यांत सारखा दिसेपर्यंत थांबा, कदाचित ती तिकडे अजून चढतच असेल.

लाईनचा, म्हणजे विजेचा, विचार आधीच करून ठेवा. एका फेरीचं सगळं लिहिणं डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा व्यवहारात) करा, म्हणजे मध्येच लाईन गेली तर टेबल एकतर जुनं राहील नाहीतर नवं, अर्धंमुर्धं नाही. मशीन बंद असताना चुकलेली वेळ साधा क्रॉन (लिनक्समध्ये ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) नंतर भरून काढत नाही. लिनक्समधल्याच सिस्टमडीच्या टायमरला पर्सिस्टंट चालू केलं की लाईन आल्यावर तो काम उरकतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, नेट जोडेपर्यंत वेळ चुकीची असू शकते. म्हणून सर्व्हरनं दिलेली वेळ सर्व्हरच्याच जुन्या वेळेशी ताडा, आपल्या घड्याळाशी कधीच नाही.

किती वेळा बघायचं? चर्प्सची पक्की आकडेवारी साधारण पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येते, तेव्हा दिवसातून एकदा भरपूर झालं. तासातासाला दार ठोठावून हाती काही लागत नाही, आणि फुकट डेटा देणाऱ्यांच्या सर्व्हरवर ताण येतो तो वेगळाच. यूजर-एजंटमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या प्रोग्रामच्या ओळखीत) आपला ईमेल लिहा, प्रोग्रामांनी काय वाचावं हे सांगणारी साइटची रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल वाचा, आणि ४२९ (फार वेळा विचारलं) आलं तर रिट्राय-आफ्टरमध्ये सांगितलंय तेवढं थांबूनच पुन्हा विचारा.