चुंबक चिकटला नाही म्हणून नाक कापू नका

प्रश्न: माझ्या जर्मन सासऱ्यांच्या मागे त्यांची कारमान-घिया कूपे (फोक्सवागनची जुनी दोनदारी गाडी) आमच्याकडे आली. बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. कागदांवर पहिली नोंदणी नोव्हेंबर १९६५ची, पण चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावरचा) १४६ने सुरू होतो. गॅरेजवाल्याने नाकाला चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. तो म्हणतो, अपघातातली गाडी आहे, आत नुसती पुट्टी, पुढचा भाग कापून नवा लावू. गाडी आता लाल आहे, पण सासूबाई म्हणतात आधी लाल नव्हती. काय करावं?
— एक वाचक, हानोफर

उत्तर: ताई, आधी त्याला थांबवा.

फोक्सवागन बीटलचं मडगार्ड बोल्ट सोडले की हातात येतं. तुमची गाडी बीटलच्याच जातीची, पण तिचं नाक ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्यात वेगवेगळे पत्रे वेल्ड करून, सांध्यांवर शिसं ओतून, हाताने कानस मारून घडवलेलं आहे. शिशाला चुंबक चिकटत नाही! इतर गाड्यांवर चालणारी ही परीक्षा इथे फसते. मी उद्यमनगरात पत्राकाम शिकून जर्मनीत आलो, तेव्हा माझ्या पहिल्या घियाचं चांगलं शिसं पुट्टी समजून खरवडून काढलं होतं. ते परत भरायला आठ दिवस गेले, आणि त्याची हळहळ अजून आहे.

नजरेआडच्या जागी चाकूने हलकेच खरवडा. शिशाची मऊ, चकचकीत साल निघते. पुट्टीची भुकटी होते. मग पुढची डिकी उघडून, चाकाच्या कमानीतूनही, बॅटरी मारून पत्र्याची आतली बाजू बघा. सुरकुत्या किंवा पत्र्यावर पत्रा दिसला, तर मार बसलेला आहे. तरी खराब तेवढंच काढायचं. शिशावर कोरडा पॉलिश पेपर कधीही मारू देऊ नका, ती धूळ विषारी असते.

नंबराची काळजी सोडा. १४ म्हणजे कारमान-घिया, ६ म्हणजे १९६६चं मॉडेल. फोक्सवागनचं मॉडेल-वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, म्हणून नोव्हेंबर १९६५शी ते बरोबर जुळतं. मागची सीट उचला, मधल्या बोगद्यावर, म्हणजे गाडीच्या तळाच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर, ठोकलेला नंबर कागदाशी ताडा. इंजिनाचा नंबर 'एफ'ने सुरू होत असेल तर ते त्या वर्षीचं १३०० सीसीचं आहे. 'एच' असेल तर नंतर बदललेलं १५०० सीसीचं.

वुल्फ्सबुर्गचं फोक्सवागन संग्रहालय चासी नंबरावरून जन्मदाखला देतं. त्यात बनल्याची तारीख आणि मूळ रंग असतो. तो येईपर्यंत डॅशबोर्डखालचा रंग घासू देऊ नका, मूळ रंग तिथे टिकलेला असू शकतो. सासूबाईंना आठवतो तो रंग आजच लिहून ठेवा, आणि जुन्या अल्बममध्ये गाडीचा फोटो आहे का, तेही त्यांना विचारा.