सुडोला (लिनक्सवर अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) पासवर्ड चुकल्यावर ‘सॉरी, ट्राय अगेन’ऐवजी मराठीत टोमणा मारायला लावता येईल का?

येईल, एका ओळीचं काम आहे. ‘सुडो व्हीआयसुडो’ चालवा, म्हणजे सुडोची सेटिंग्जची फाइल (सुडोअर्स) तिच्या खास एडिटरमध्ये उघडेल, आणि त्या फाइलमध्ये ‘डिफॉल्ट्स बॅडपास_मेसेज="आठवतोय का, की आईला विचारू?"’ अशी ओळ टाका; अर्थात मूळ शब्द इंग्रजी लिपीत आणि त्यांची स्पेलिंग सुडोअर्सच्या मॅन पेजवरून (टर्मिनलमधल्या माहितीपानावरून) जशीच्या तशी. ‘सुडो -के’ करून (म्हणजे सुडो आधीचा पासवर्ड विसरून पुन्हा विचारेल) मुद्दाम चुकीचा पासवर्ड मारा, टोमणा दिसेल. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडू नका. व्हीआयसुडो सेव्ह करण्याआधी व्याकरण तपासतो, नाहीतर एक अवतरणचिन्ह विसरलात की सुडोच बंद पडू शकतो. तयार शिव्या हव्या असतील तर ‘डिफॉल्ट्स इन्सल्ट्स’ हा पर्याय आहे, पण त्या इंग्रजी, कंपाइल करतानाच आत भरलेल्या, आणि हा चालू असला की तुमचा मराठी संदेश दिसत नाही.

हे फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर करा. अँसिबलसारखी, अनेक सर्व्हर एकदम सांभाळणारी साधनं पासवर्ड चुकला हे ओळखायला नेमकं ते मूळ इंग्रजी वाक्यच शोधतात. सर्व्हरवर ते बदललंत तर पासवर्ड चुकल्यावर बिचारी ताटकळत बसतील. शिवाय ग्राफिक नसलेल्या कन्सोलवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतील.